दुपारच्या बसने येणारी पेटी

पोच घेतल्याशिवाय मी आजवर एकही पत्र कोणत्याही कार्यालयात दिलेले नाही. न्यायालयाच्या आस्थापनेवर चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला ही सवय लागते आणि निवृत्तीनंतर ती सुटण्याऐवजी अधिक घट्ट होते. अमरावतीतल्या माझ्या घरी लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा अशा पोचांनी भरलेला आहे. गोल शिक्का, तिरपी सही, आवक क्रमांक. हा वारसा वडिलांचा. आमच्या वस्तीत ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे अर्ज वडील विहाराच्या ओट्यावर बसून लिहून देत, आणि अर्ज घेऊन निघालेल्याला बजावत, "खाली हातानं वापस येऊ नको. दुसऱ्या कागदावर शिक्का घेऊन ये."

हे आधी सांगण्याचे कारण असे, की मागच्या उन्हाळ्यात माझ्या एका पत्रामुळे माझ्या सख्ख्या बहिणीचा जीव जाता जाता राहिला. पत्र बिनचूक होते. त्यातला एकही शब्द मला आजही खोडता येणार नाही, आणि नेमकी हीच गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तिथल्या एका माणसाची नोकरी गुंतलेली आहे. तिने सारे आयुष्य अंगणवाडी सेविका म्हणून काढले. शासनाच्या भाषेत तिला पगार नव्हता, मानधन होते. त्यामुळे निवृत्तिवेतनही नाही. नवरा गेला, मुलगा सुरतेला एका कारखान्यात. तीन वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार तास यंत्राला जोडून घ्यायचे, रक्त गाळून घ्यायचे आणि पुढचे तीन-चार दिवस मोजून मापून पाणी पीत जगायचे, असा तिचा क्रम. हे डायलिसिस तिच्या गावच्याच सरकारी रुग्णालयात, फुकट होत असे. घरापासून रिक्षाने दहा मिनिटे. ही सोय होती म्हणून ती जगत होती. यापलीकडे काही सांगण्याची गरज नाही.

मी महिन्यातून दोनदा तिच्याकडे जायचो. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरायची, अकोल्याला उतरायचे, तिथून एस.टी. तिच्या मंगळवारी मी तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायचो. त्या खोलीत चार यंत्रे होती. दोन चालायची. उरलेल्या दोहोंवर ती ज्या प्लास्टिकच्या आवरणात आली ते आवरण तसेच होते, आणि बाहेर व्हरांड्यात पाच-सात माणसे नंबराची वाट पाहत बसलेली असायची, पाय सुजलेली, चेहरे राखेसारखे झालेली. हे दृश्य मी एकदा पाहिले, दोनदा पाहिले, तिसऱ्यांदा वैद्यकीय अधीक्षकांच्या दालनात गेलो.

"ही दोन यंत्रे बंद का?"

"बंद नाहीत. किट कमी येतात."

"का कमी येतात?"

"मागणी केलेली आहे."

"कोणाकडे? कोणत्या तारखेला? जावक क्रमांक काय?"

त्यांनी शिपायाला चहा सांगितला. सरकारी दालनात चहा आला की समजावे, उत्तर येणार नाही.

नंतर मी स्वतःच शोध घेतला. जे कळले ते वाचकाला ठाऊक असो वा नसो, मला लिहिलेच पाहिजे. यंत्रे एका योजनेच्या निधीतून आली. पाणी शुद्ध करणारा संच दुसऱ्या निधीतून. किट, म्हणजे रक्त गाळणारे नळकांडे, नळ्या आणि सुया यांचा एका खेपेचा संच, तिसऱ्याच ठिकाणी, वरच्या खरेदीतून. ती यंत्रे चालवणारा तंत्रज्ञ कंत्राटी. त्याचा पगार चौथ्या लेखाशीर्षातून आणि त्याचे कंत्राट अकरा महिन्यांचे. मार्च महिन्यात निधी परत जाऊ नये म्हणून यंत्रे येतात. एप्रिलमध्ये त्यांना किट लागतात, आणि तेव्हा खरेदीचा दरकरार संपलेला असतो. स्थानिक खरेदीचा अधिकार अधीक्षकांना आहे, पण इतका तोकडा की त्यात कापूस आणि जंतुनाशकच बसते. आजारी माणसाचे शरीर एक असते. त्याच्यावर होणारा खर्च मात्र चार टेबलांवर विभागलेला, आणि त्यातल्या एकाही टेबलाला उरलेल्या तिघांचे काय चालले आहे ते विचारण्याचे बंधन नाही. हे कोणी दुष्टपणाने केलेले नाही याचाच मला अधिक संताप येतो. दुष्ट माणूस सापडला असता तर त्याच्यावर कलम लावता आले असते.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. किटच्या साठा नोंदवहीच्या प्रमाणित प्रती मागितल्या, जमा आणि खर्च दोन्ही. तंत्रज्ञाला किंवा बहिणीला तोंडी विचारावे असे माझ्या मनात आले नाही. न्यायालयात आम्ही पक्षकाराला कधी तोंडी विचारत नसू. तोंडी सांगितलेले उद्या नाकारता येते.

प्रती आल्या. मी त्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि पट्टी धरून ओळी जुळवू लागलो. पत्नी म्हणाली, "जेवून तं घ्या, मंग शोधा चोर." मला चोरच सापडला असे वाटले. सहा महिन्यांत रुग्णालयात जितकी किट जमा झाली होती, त्याहून तेवीस किट अधिक खर्ची पडली होती. जमेपेक्षा खर्च अधिक. नसलेली वस्तू वापरली कशी? त्यात मला आणखी एक गोष्ट आठवली. मागच्या खेपेला परतताना बसस्थानकावर मी त्या तंत्रज्ञाला पाहिले होते. संत्र्याची एक लाकडी पेटी, वरून सुतळीने बांधलेली, तो एस.टी.च्या वाहकाजवळ देत होता आणि इकडे तिकडे पाहत होता. फळ्यांच्या फटीतून आतली निळी-पांढरी पाकिटे दिसत होती. ती मी ओळखत होतो. दर मंगळवारी माझ्या डोळ्यांसमोर फाडली जात.

तक्रार लिहायला मला चार दिवस लागले. साडेतीन पाने, अकरा मुद्दे. सातवा मुद्दा असा: "शासकीय वैद्यकीय साहित्याची सार्वजनिक बसमधून, कोणत्याही अभिलेखाविना, ने-आण होत असल्याचे अर्जदाराने प्रत्यक्ष पाहिले आहे." जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात एक प्रत, विभागाला एक, मंत्रालयात एक. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे.

माझा अनुभव असा, की शासन साध्या पत्राला उत्तर देत नाही. या पत्राला मात्र पंधरा दिवसांत दिले. सोमवारी चौकशी समिती रुग्णालयात पोहोचली. भांडाराला कुलूप आणि लाखेची मोहोर. किटच्या पेट्यांचा पंचनामा. तंत्रज्ञाला चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावर न येण्याचा आदेश. आणि अधीक्षकांच्या नावे लेखी ताकीद, की कोणत्याही शासकीय साहित्याची रुग्णालयाबाहेर किंवा बाहेरून आत ने-आण पूर्वपरवानगीशिवाय होणार नाही. मला त्याची प्रत त्याच संध्याकाळी ई-मेलने आली तेव्हा मी ती दोनदा वाचली आणि, खोटे कशाला सांगू, मनातून सुखावलो.

मंगळवारी दुपारी बहिणीचा फोन आला.

"दादा, आज मशीन बंद हाये. दोन्हीबी."

"दोन्ही? का?"

"सील मारलं. कोन्या अर्जावरून म्हनतात. तुयाच असन."

मी फोन कानाशी धरूनच कपाटातली तक्रारीची पोच काढली.

"तुयाच होये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बुधवारी मी तिच्या घरी पोहोचलो. तिचा चेहरा एका दिवसात फुगला होता. मी तिला धीर दिला. शासनाची योजना आहे, मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयात हेच डायलिसिस विनामूल्य मिळते, तो तुझा हक्क आहे, उद्या अकोल्याला जाऊ. ती हसली. तिला हसताना धाप लागली.

गुरुवारी आम्ही अकोल्याच्या एका खासगी रुग्णालयात गेलो. दारावर योजनेचा फलक होता. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "मंजुरी ऑनलाइन येते. दोन दिवस लागू शकतात. किंवा पैसे भरून करा."

इथे मी जे केले ते लिहायला मला त्रास होतो. खिशात पैसे होते. मी भरले नाहीत. मी त्या मुलीकडे नकार लेखी मागितला. तिने व्यवस्थापकाला बोलावले, मी त्याच्याकडे मागितला. त्याने दिला नाही. मी तिथल्याच बाकावर बसून त्याच्याविरुद्ध अर्ज लिहू लागलो, आणि शेजारी बहीण पदराने वारा घेत बसली होती. दीड तास गेला.

"दादा," ती म्हणाली, "तुया कायदा घरी जाऊन लिव ना. आता पैसे दे अन् मले बसव."

मी उठलो, पैसे भरायला गेलो. तेव्हा कळले, की नव्या रुग्णाच्या रक्ताचे तीन अहवाल ताजे लागतात, प्रयोगशाळेचा माणूस जेवायला गेला आहे, आणि आजच्या पाळ्या भरल्या. उद्या या. दीड तास आधी ते अहवाल झाले असते. उद्या म्हणजे शुक्रवारी अहवाल आले, पण वीज गेली आणि जनित्र यंत्रांना पुरेना. रांगेतल्या लोकांना परत पाठवले. स्टेशनजवळच्या ज्या लॉजवर आम्ही उतरलो होतो तिथे तिने रात्र उशीला टेकून बसून काढली, कारण आडवे झाले की श्वास कोंडत होता.

शनिवारी उजाडताच मी तिला रिक्षात घातले आणि अकोल्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरबाईंनी तिच्या पायावर बोट दाबले. खड्डा पडला तो भरलाच नाही. त्यांनी छातीला नळी लावून ऐकले आणि परिचारिकेला हाक मारली.

मी पिशवीतून शिधापत्रिका, योजनेचे कार्ड, जुन्या तपासण्या, सारे क्रमाने काढू लागलो.

"काका, कागद नंतर," बाई म्हणाल्या. "हिच्या फुप्फुसात पाणी आहे. बाजूला व्हा."

मी बाजूला झालो. आयुष्यात कोणत्याही कार्यालयाने मला इतक्या कमी शब्दांत इतके योग्य उत्तर दिलेले नव्हते.

तिला यंत्रावर घेतले. दोन तासांनी ती बोलू लागली. मी खाटेच्या कडेला उभा होतो. तेवढ्यात दारातून तो तंत्रज्ञ आत आला, बहिणीच्या पहाटेच्या फोनवरून सत्तर किलोमीटर मोटारसायकलवर आलेला, तोंडाला रुमाल बांधलेला, हातात एक फाईल. तिशीतला सडपातळ माणूस. तीन वर्षे माझ्या बहिणीच्या हातात सुई टोचणारा. मी त्याला पेटी देताना पाहिले होते आणि आज त्याने मला पाहिले.

"मावशीची फाईल आणली," तो माझ्याकडे न पाहता तिथल्या परिचारिकेला म्हणाला. "याइचं कोरडं वजन, पानी काढल्यावरचं, त्रेचाळीस हाये. एका टायमाले तीन लिटरच्या वर नका काढू, बीपी पडते. उजव्या हाताले सुई नाई लावाची."

मग बहिणीकडे वळून, "काय मावशी, घाबरवलं तुमी."

"मी नाई घाबरवलं. हे पाय, दादानं घाबरवलं," ती म्हणाली. "तुयी नोकरीबी यानंच खाल्ली. आता भेटा एकमेकाले."

मी त्याला व्हरांड्यात नेले. न्यायालयातली रीत मी त्या दिवशी मोडली, तोंडी विचारले. "तेवीस किट कुठून आली? आणि पेटी कुठे चालली होती?"

त्याने खांद्याच्या झोळीतून दोनशे पानी वही काढली. प्रत्येक पानावर एका तालुक्याच्या रुग्णालयाचे नाव. त्यांच्याकडून घेतलेली इतकी, त्यांना परत केलेली इतकी. आसपासच्या पाच-सहा तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांतल्या तंत्रज्ञांनी आपसात ही उसनवारी चालवली होती. एकाकडे रुग्ण कमी आणि किट पडून, दुसऱ्याकडे रुग्ण रांगेत आणि भांडार रिकामे. वरून माल येईपर्यंत हा त्याला देई, तो याला. गाडीभाड्याची तरतूद कोणाकडेच नव्हती, म्हणून संत्र्याच्या रिकाम्या पेटीत भरून दुपारच्या एस.टी.ने पाठवायचे, वाहक ओळखीचे. मी पाहिली ती पेटी चोरीची नव्हती. त्या दिवशी तो उसने परत करत होता.

"मग नोंदवहीत का नाही लिहिले?"

"काका, कोन्या रकान्यात लिवू?" तो म्हणाला. "नोंदवहीत जमा म्हनजे वरून आलेलं. बाजूच्या गावातून आलं त त्यासाठी रकानाच नाई. खर्च लिवाच लागते, कारन पेशंटची सही असते. म्हून खर्च जास्त दिसते. दोन मशीनं चालून राहिल्या त्याबी याच्यामुळं. नाई त एकच चालली असती."

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. कारणे दाखवा नोटीस. शासकीय साहित्याचा अपहार. सात दिवसांत खुलासा. नोटिशीतला तिसरा परिच्छेद माझ्या तक्रारीच्या सातव्या मुद्द्यावरून शब्दशः उतरवला होता. माझेच वाक्य, माझाच स्वल्पविराम, त्याच्या नावावर.

मी आत गेलो तेव्हा बहिणीचे यंत्रावरचे दोन तास उरले होते. तिला कुठे जाता येत नव्हते आणि मलाही नाही.

"तुला हे ठाऊक होते?"

"आमाले साऱ्याइले माइत होतं. आमी पेशंटच तं पेटी उतरवाले जात होतो."

"मग मला सांगितले का नाहीस?"

"तुले सांगतलं असतं तं तू लिवलं असतं." तिने डोळे मिटले. "नाई सांगतलं तरी लिवलं. दादा, मी अंगनवाडीत तीस वर्सं काय केलं? माया गावचा चना संपला का पल्याडच्या गावच्या बाईकडून आनायचा. तिचा तांदूळ संपला का मी द्यायचा. लेकराइले सांगाचं काय, का मागनी केलेली आहे?"

"ते नियमात बसत नव्हते."

"लेकरू जेवत होतं."

मी नियमावर आयुष्य काढलेला माणूस आहे आणि तिच्याशी मी आजही पूर्ण सहमत नाही. उसनवारीवर चालणारी व्यवस्था दुबळ्याला वाचवते तशीच सरकारलाही वाचवते. किट कमी पडत आहेत हे वर कोणाला दिसतच नाही, कारण खाली कोणीतरी पेटी बांधून निभावून नेतो. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "हे बरोबर हाये. हे लिव. पन त्याले वाचवून लिव."

तिने त्यावर अट घातली, की या रुग्णालयाविषयीचे कोणतेही पत्र यापुढे तिला वाचून दाखवल्याशिवाय टपालात पडणार नाही. मी मान्य केले. आमच्यातला हा करार तोंडी आहे.

तंत्रज्ञाचा खुलासा मी लिहिला. ज्याच्यावर आरोप ठेवायला मी कारण झालो त्याचाच बचाव मी लॉजच्या खोलीत बसून तयार केला. अपहारास लाभ लागतो, येथे लाभ कोणाचा? वहीतल्या प्रत्येक ओळीची प्रत जोडली. उसने दिलेल्या पाच रुग्णालयांच्या तंत्रज्ञांच्या सह्या घेण्यासाठी मी आणि तो दोन दिवस मोटारसायकलवर हिंडलो. माझ्या कमरेने ते अजून विसरलेले नाही. दोघांनी सही केली. दोघांनी घाबरून दिली नाही. एक जण म्हणाला, "तुमीच ना ते अर्जवाले? तुमाले सही देऊ? बाप्पा!"

मग जबाबासाठी मला समितीपुढे बोलावले. चौकशी अधिकारी माझ्याच वयाच्या जवळपास, निवृत्तीला टेकलेले, फार सभ्य.

"आपण तक्रारदार," ते म्हणाले, "आणि आता आपणच म्हणता अपहार नाही. तक्रार मागे घेता का?"

"नाही. तक्रार खरी आहे. जमेपेक्षा खर्च अधिक आहे. आरोपी चुकीचा धरला आहे."

"मग आरोपी कोण?"

"ज्याने यंत्र दिले आणि किट दिले नाही तो. त्याचे नाव मला ठाऊक नाही. आपल्याला असेल."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "हे मला अहवालात लिहिता येणार नाही."

"माझ्या जबाबात मी लिहिले आहे. पान दोन. मला प्रत हवी, शिक्क्यासह."

ते हसले. पण मी एवढ्यावर थांबलो नव्हतो. एक कोरा नमुना मी सोबत नेला होता: एका रुग्णालयाने दुसऱ्याला किट तात्पुरते देण्याची पावती. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, नेणाऱ्याची सही, परतीचा दिनांक. चार प्रती. त्यांच्याकडे जो रकाना नव्हता तो मी आखून नेला होता. अधिकाऱ्यांनी तो बराच वेळ उलटापालटा केला आणि म्हणाले, "हे करता येईल. अंतरिम म्हणून."

मोहोर निघाली; तोवर बहिणीचे डायलिसिस अकोल्याच्या त्या सरकारी दवाखान्यातच होत राहिले. नमुना मान्य झाला. तंत्रज्ञ कामावर परतला, मात्र त्याचा खुलासा विचाराधीन आहे आणि अकरा महिन्यांचे कंत्राट पुढे वाढवायचे की नाही हे त्यावर ठरणार आहे. तिसरे आणि चौथे यंत्र अजून आवरणातच आहे. त्यासाठीचे पत्र मी लिहिले आहे. बहिणीने त्यातले दोन परिच्छेद काढायला लावले आणि एक वाक्य स्वतः घातले: "व्हरांड्यात सात माणसे बसलेली असतात, येऊन मोजावीत." माझ्या अकरा मुद्द्यांपेक्षा ते वाक्य भारी आहे हे मी मान्य केले. उत्तर अजून आलेले नाही. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र जाईल, तिसाव्या दिवशी दुसरे.

मागच्या मंगळवारी मी तिच्या गावी होतो. सकाळीच तंत्रज्ञ म्हणाला, भांडारात एकही किट नाही, शेजारच्या तालुक्यातून चार येणार आहेत, दुपारच्या बसने. त्याला यंत्राजवळून हलता येत नव्हते. पहिल्या पाळीचा एक रुग्ण जोडलेला होता. या खोलीसाठीच्या शिपायाचे पद रिक्त. बहीण खाटेवर बसून होती, नळी लावायची वाट पाहत, पाय खाली सोडून. तिच्या पायांकडे मी आता सवयीने आधी पाहतो.

"मी जातो," मी म्हणालो आणि चष्मा व पेन पिशवीत घातले.

बस पाऊण तास उशिरा आली. वाहकाने दारातून पेटी दिली. सुतळीत खोचलेल्या, देणाऱ्याची सही झालेल्या नमुन्याच्या चार प्रती मी पुढे केल्या. "नेणाऱ्याची सही. इथे."

"कायची सही?"

"पेटी तुम्ही आणली ना. चार प्रतींवर."

"बुढेबाबा, मी टिकटं फाडतो. सरकारी मालावर सही केली त मले मेमो येईन. पेटी घ्या, गाडी लेट हाये."

मी नियम सांगू लागलो. त्याने घंटी मारली. बस हलली, धूळ उडाली, आणि मी पेटी पोटाशी धरून फलाटावर उभा राहिलो. माझ्याच आखलेल्या नमुन्यात नेणाऱ्याचा रकाना रिकामा होता, आणि तो भरल्याशिवाय भांडारात माल जमा होत नाही, हेही मीच लिहिलेले. देणाऱ्या रुग्णालयाला फोन करून, नेणाऱ्याची सही मिळवून पाठवा असे सांगून, उद्या बघू म्हटले असते तर ते पूर्णपणे नियमात बसले असते. तिकडे खाटेवरून बहिणीचे पाय खाली लोंबत होते.

मी बसस्थानकाच्या कट्ट्यावर बसलो, पेटी बाजूला ठेवली आणि नेणाऱ्याच्या रकान्यात चारही प्रतींवर माझी सही केली, पूर्ण नावाने, दिनांकासह. बसस्थानकापासून रुग्णालयापर्यंत पेटी मी नेली, हे खरे. त्याआधीचे तीस किलोमीटर मी नेलेली नाही, आणि कागद म्हणतो नेली. शासनाच्या अभिलेखात माझ्या हाताने गेलेले हे पहिले असत्य विधान.

अडीच वाजता तिला यंत्रावर घेतले. कोणाला त्या नोंदीची चौकशी करायची असेल तर सही माझी आहे, अक्षर सुवाच्य आहे आणि पत्ता त्या कार्यालयाकडे आधीच्या सगळ्या पत्रांवर आहे.